जोत्यातला पिंपळ

विश्रांतवाडी, पुणे
२१ एप्रिल २०२४

ती. शर्मिलाताईस,
धाकट्या रामदासाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन असताना मी पत्र लिहितो, हे आमच्या संस्कृताध्यापकी विक्षिप्तपणाचे लक्षण आहे असे तुझे मत आहे. ते खरेही असेल. परंतु फोनवर तू बोलत असताना तुझ्याकडे राहायला आलेली आई समोर बसलेली असते, तिला ऐकू कमी येत असले तरी तुझ्या चेहऱ्यावरून ती सर्व वृत्तान्त वाचते, म्हणून हा लेखनप्रपंच. पूर्वाचे कॉलेज तुमच्या वाघोलीतच असल्यामुळे टपालखात्याचा भार तिच्यावर टाकला आहे. ती फुकट काम करते आणि बापाकडे तुच्छतेने पाहते.

आता गृहवार्ता. आईच्या खोलीतली ओल कंबरेपर्यंत होती ती आता खांद्यापर्यंत आली आहे. चेतन नामक ठेकेदाराने गेल्या वर्षी आतून जो महागडा पाणीरोधक लेप दिला, त्याने ओल थांबली नाही. तिला फक्त वर चढण्याचा मार्ग मिळाला. म्हणून या खेपेस दत्तोबा गवंड्यांना आणले. त्यांनी आतल्या भिंतीकडे ढुंकूनही पाहिले नाही. बाहेरून चर खणला आणि अप्पांनी बांधलेला दगडी पाया उघडा केला. त्यानंतर मला बोलावून खाली पाहा म्हणाले. मी पाहिले, आणि तेव्हापासून मला थकवा आला आहे.

ताई, ओलीचे मूळ आपला पिंपळ आहे. पाखराच्या कृपेने तो जोत्याच्या फटीत आपोआप उगवला, तेव्हा आपण सगळे किती हरखलो होतो. बोधिवृक्ष आपण होऊन दारी आला म्हणून अप्पांनी त्याला विटांचा पार बांधला, प्रत्येक बुद्धपौर्णिमेस आपण तिथे वंदना घेतली, आणि आई रोज पहाटे त्याला कळशीभर पाणी घालत राहिली. त्या वृक्षराजाची मुळे दगडांच्या सांध्यांतून थेट आईच्या खोलीखाली गेली आहेत. म्हणजे आपण एवढी वर्षे भक्तिपूर्वक स्वतःच्याच पायात पाणी सोडत होतो.

दत्तोबांचे म्हणणे, झाड मुळासकट निघाल्याशिवाय सांधे भरण्यात अर्थ नाही. मात्र पिंपळाला ते स्वतः हात लावणार नाहीत. त्यांच्या मते त्यावर मुंजा असतो. मी त्यांना अंधश्रद्धेच्या व्यर्थतेवर सविस्तर प्रवचन दिले. ते शांतपणे ऐकून त्यांनी कुऱ्हाड माझ्यापुढे धरली. मग मीही हात मागे घेतला. मुंजा आणि बोधी या दोन टोकांवरून आलेले आम्ही दोघे अशा रीतीने एकमताने चहा प्यायलो.

डॉक्टरांनी बजावले आहे की खोली कोरडी झाल्याखेरीज आईला परत आणायचे नाही. तिच्या दम्याला आणखी एक पावसाळा या भिंतीत सोसणार नाही. आईला झाडाचे सांगावे काय? ज्येष्ठ म्हणून निर्णय तुझा.

लोभात ओलावा असू द्यावा, भिंतीत नको.
तुझा,
रामदास

वाघोली
२५ एप्रिल

चि. रामदास यास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा अर्थ लागावा म्हणून आणि दुसऱ्यांदा अजूनही लागला नाही म्हणून. गंमत सोडते.

आई इथे सुखात आहे असे मी सगळ्यांना सांगते. खरे असे की ती सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघते आणि रोज जेवताना विचारते की भिंत वाळली का. परवा माझ्या मैत्रिणीला तिने सांगितले की आपण इथे औषधासाठी आलो आहोत, पावसाच्या आत घरी जायचे आहे. माझ्या घराला तिने कधी घर म्हटले नाही. मी विचारलेही नाही.

झाडाचे तिला सांगू नकोस. ती काय म्हणेल मला माहीत आहे. झाड राहू द्या, मी ओलीत राहीन म्हणेल, आणि तसेच करेल. मग जूनमध्ये आपण दोघे तिला दवाखान्यात घेऊन बसू. तू रीतसर परवानगी काढ, झाड काढून घे, खोली कोरडी कर. आणल्यावर दोन दिवस रुसेल, मग नीट श्वास घेता यायला लागला की विसरेल. दोष माझ्यावर घाल. मी ऑफिसात तीस वर्षे लोकांच्या शिव्या खाऊन निवृत्त झाले आहे.

वहिनीला सांग, चर उघडा आहे तोवर तुला अंधारात बाहेर सोडू नये. तू पडलास तर वर्णन करायला कोणी उरणार नाही.

आशीर्वाद आहेतच, ते मागत बसू नये.
तुझी,
ताई

विश्रांतवाडी, पुणे
१९ मे

ती. ताईस,
श्रान्त रामदासाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझी आज्ञा शिरसावंद्य मानून कार्य सिद्धीस नेले. महापालिकेची परवानगी मिळाली आणि तिच्यामागोमाग यांत्रिक करवत घेतलेला राकेश नावाचा एक गृहस्थ आला. त्याला मुंजाचे भय नव्हते आणि बोधीशी परिचय नव्हता. दुपारच्या जेवणापूर्वी झाड आडवे झाले. दत्तोबा तेवढा वेळ कोपऱ्यावर पाठ करून उभे होते. मी समोर उभा होतो, तरी मला विशेष काही दिसले असे नाही.

मुळे निघायला मात्र फार दिवस लागले. एकेक दगड मोकळा करावा लागला, कारण पिंपळाने त्यांना असे काही कवटाळले होते की भिंत कोण धरून आहे, हाच प्रश्न पडावा. सांध्यांतली कुजलेली माती खरवडून दत्तोबांनी सिमेंटने दरजा भरल्या, वर पाणीरोधक मिसळून गिलावा केला आणि त्यावर डांबरी लेप दिला. चर मुरमाने भरून ठोकून घेतला. आता तो काळा लेप जमिनीवर वीतभर दिसतो, आणि आपले घर मोजे घालून उभे असल्यासारखे वाटते.

खोलीचे सांगायचे तर भिंतीला हात लावला की हात कोरडा परत येतो. आतला सगळा जुना गिलावा काढून नवा केला आहे आणि कुबट वासही गेला. पाऊस अजून आलेला नाही. बाहेरच्या फरशीचे काम तेवढे राहिले आहे. ते झाले की आईला आणू.

एकच विघ्न, गुरुवारी बुद्धपौर्णिमा आहे. वंदनेला येण्याचा हट्ट ती धरीलच. घर खणलेले आहे, चिखल आहे, पाय घसरेल, असे सांगून तिला तिथेच थांबव. या वयात मातेशी असत्य बोलण्याची मला सवय नाही. म्हणून ते काम तुझ्याकडे सोपवतो.

फार थकलो आहे. सुट्टी संपत आली आणि मी ती सगळी मातीत घातली.

स्नेहाची छाया तेवढी असू द्यावी. दुसरी छाया आता राहिलेली नाही.
तुझा,
रामदास

वाघोली
२६ मे

चि. रामदास यास,
आशीर्वाद आणि जयभीम.

आईला सांगावे लागले. पौर्णिमेला इथेच मेणबत्त्या लावू म्हटले तर ती लगेच तयार झाली. मला बरे वाटले, तोच तिने पूर्वाला सांगितले की उद्या येताना आपल्या झाडाची पाच पाने आण, पूजेत ठेवायची आहेत. पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला आत पाठवले आणि आईजवळ बसून सगळे सांगितले. मोठ्याने सांगावे लागले, त्यामुळे शेजाऱ्यांनाही कळले असेल.

ती रडली नाही. पाया किती खोल खणला, मुळे कुठवर गेली होती, एवढे विचारले. मग जे बोलली ते जसेच्या तसे लिहिते. "झाड काढलं ते बरंच केलंत. मला विचारलं असतं तर मीच काढा म्हणाले असते. पण विचारलं नाहीत. ज्या घरात मला विचारत नाहीत तिथे मी पाहुणीच. आणि पाहुणीच व्हायचं तर लेकीकडे काय वाईट?"

आणि दुपारी माझ्या कपाटातला एक कप्पा मागून घेतला. रामदास, ती इतके महिने इथे असून तिने कधी कप्पा मागितला नव्हता. मी दिला. काय करणार होते?

मला वाटत होते की ती काय म्हणेल हे मला ठाऊक आहे. तुला दोष माझ्यावर घाल म्हटले होते. घालायची गरज नाही, तो आपणच येऊन बसला आहे.

तुझी,
ताई

विश्रांतवाडी, पुणे
३० मे

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

आज अलंकार सापडत नाहीत. काल आईच्या खोलीत बसून राहिलो. खोली उत्तम कोरडी आहे आणि तिथे कोणी नाही.

तिची समजूत घालायला मी येणार नाही. कारण मी आलो तर बोलणार, बोललो तर समासांत बोलणार, आणि तिला ते कधीच आवडलेले नाही. तिला एवढेच वाचून दाखव.

आई, पार होता तिथे जागा मोकळी झाली आहे. दत्तोबा विचारतात की तिथे सगळीकडे फरशी करून पाणी रस्त्याकडे काढायचे, की भिंतीपासून दूर थोडी माती मोकळी ठेवायची. फरशी केली तर पायाला धोका नाही, पण पुढे तिथे काही लावता येणार नाही. मी फरशी थांबवली आहे. उत्तर मी देणार नाही, ताईनेही देऊ नये. आभाळ भरून येते आहे आणि दत्तोबा रोज येऊन बसतात आणि चहा पिऊन जातात.

रागावलीस तरी चालेल, बोलणे बंद करू नकोस.
तुझा,
रामदास

वाघोली
१ जून

चि. रामदास यास,

वाचून दाखवले. तिने विचारले की उतार कुणीकडे आहे. मी म्हटले माहीत नाही. ती म्हणाली, रामदासाला तरी कुठे माहीत असणार, आणि गवंडी नुसता चहा पितोय.

उद्या सकाळी तिला घेऊन येते. कपडे घेतलेले नाहीत. आपण जागा बघायला येतो आहोत, राहायला नाही, असे तिने मला दोनदा बजावले आहे. दत्तोबांना थांबवून ठेव, आणि तू मध्ये बोलू नकोस.

ताई