आजचा वार

शहापूर, ४ फेब्रु. १९३८, शुक्र.
वखारीच्या कचेरीत आज महिना झाला. आधीचा कारकून कागद पोत्यात कोंबायचा, गाढव! आता रजेच्या चिठ्ठ्या तारेला टोचतो, सकाळी एकदम हजेरीबुकात चढवतो. रजेवाल्यांची नावं पुकारायचीच नाहीत, वेळ वाचतो. गैरहजरांची यादी सही करून रघो मुकादमाला. पूर्वी हा राक्षस दिसेल त्या मजुराला हाणायचा. आता फक्त यादीतल्यांना हाणतो. शेठ खूश. खरं सांगायचं तर मीही.

७ फेब्रु., सोम.
लाकूड मोजायच्या ऐन घाईत वाडीवरची एक बाई. नवऱ्याला ताप, उद्यापासून चार दिवस येणार नाही. नाव काही घेईना. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार! माझं डोकं फिरलं, रूळ टेबलावर आपटला. दचकून म्हणाली, "आजचा वार हाय ना, तेच त्यांचं नाव." वाडीवर ज्या वारी जन्म, त्याच वारावरून नाव. चिठ्ठीवर तेवढंच खरडलं, 'आजचा वार, ताप, रजा', आणि टोचली तारेला.

८ फेब्रु., मंगळ.
सकाळी चिठ्ठ्या चढवल्या. मंगळ्याला रजा. पुकारा झाला, गैरहजर एकटा सोम्या. यादी रघोकडे. वीस मिनिटांत सगळं उरकलं.

९ फेब्रु., बुध.
मंगळ्या दारात. "भाऊ, दोन दिस माजं नाव का नाय पुकारलं? मी तं हजर हाय."
तारेवरची चिठ्ठी काढून पाहिली, 'आजचा वार'. चिठ्ठी सोमवारची, चढवली मंगळवारी. तारीख घातलीच नव्हती मी.
वाडीवर धावत गेलो. रघो कालच जाऊन आला होता. तापाने फणफणलेल्या सोम्याला पाय धरून झोपडीबाहेर ओढलं, बैलाच्या चाबकाने फोडून काढलं. हात दोन ठिकाणी मोडलाय. तोंडातून रक्त. त्याची बायको एवढंच म्हणाली, "मी तुमाला वार सांगला व्हता."

१० फेब्रु., गुरु.
रघोच्या तोंडावर रूळ हाणला. ओठ फाटला. रक्त बघून बरं वाटलं, आणि त्याची लाजही वाटते. तो हसला. खिशातून यादी काढली. "सही कोनाची हाय, भाऊ?" पुन्हा हात उचलला, पण मारवेना.

१२ फेब्रु., शनि.
सोम्या शुद्धीवर नाही. सोमवारी फौजदार जबाब घेणार. शेठ म्हणतात, हजेरीबुकाचं पान फाड, ओंडका अंगावर पडला असं सांग. नाहीतर सही तुझी आहे, आत तूच जाशील. मुरबाडला आईला पत्र लिहायला घेतलं. दोन ओळींपुढे जाईना.

१४ फेब्रु., सोम.
सोम्या पहाटे गेला.
पान फाडलेलं नाही. चिठ्ठी खिशात आहे. फौजदार दहाला येणार, आत्ता आठ. रघो आजची यादी मागायला आला. म्हटलं, यादी बंद, आजपासून कुणाचंच नाव देणार नाही. शांतपणे म्हणाला, "मंग पयल्यासारखं चालू करतो." चाबूक घेऊन मजुरांकडे गेला.
ओरडणं ऐकू येतंय. दोघं, तिघं. रूळ सापडत नाही. दाराशी कुऱ्हाड आहे