सह्या गेल्या, पुस्तकं राहिली

तात्या,

तुमच्या सह्या गेल्या. आधी हेच सांगून टाकते, कारण लांबण लावलेली तुम्हाला कधी चालली नाही. राज्य चालवणाऱ्या माणसांनी लिहिलेली पुस्तकं तुम्ही पुण्याहून टपालाने, व्हीपी करून मागवायचात, लिहिणारा आपल्या खानावळीवरून कधी जातो त्याची वाट बघायचात आणि त्याच्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर शाईने सही घ्यायचात. त्या सगळ्या सह्या महाडच्या पुरात धुऊन गेल्या. पुस्तकांची पेटी तुम्ही ठेवली होती तिथेच होती. तुमच्या वेळच्या मोठ्या पुरानंतर तुम्ही भिंतीवर डांबराची रेघ ओढलीत आणि सांगितलंत, "याच्या वर सावित्रीचं पाणी येयाचं नाय." रेघेच्या हातभर वर फळी ठोकलीत. तुमच्या मागे मी ती फळी हलवली नाही. आपल्या आळीत घरोघरी अशीच एक रेघ होती आणि तिच्यावर सगळ्यांचा देवासारखा विश्वास. या वेळी पाणी फळी ओलांडून पंख्याच्या पात्यांना लागलं. मी समोरच्यांच्या गच्चीवर भिजत बसले होते. तेव्हा माझ्याकडे डोळे वटारू नका. रेघ तुमची होती.

पोलादपूरची खानावळही आता राहिली नाही, चौपदरी रस्त्याखाली गेली. पण मला ती अजून दिसते. मी बारा-तेरा वर्षांची आहे, आत चुलीपाशी भाकऱ्या थापतेय. गोव्याचा रस्ता आणि महाबळेश्वरचा घाट फुटतो तिथली आपली जागा, म्हणून मोठ्या लोकांच्या गाड्या थांबतात. आज ते साहेब येणार आहेत, ज्यांनी स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगला आणि पुढे मंत्री झाल्यावर त्या तुरुंगावर पुस्तक लिहिलं. सकाळपासून तुमचा पाय जमिनीवर नाही. गाडी थांबते. तुम्ही खांद्यावरचं फडकं फेकून, हात पुसून, पेनचं टोपण काढून पुस्तक पुढे करता. साहेब विचारतात, "वाचलंत का?"

"तोंडपाठ हाय साहेब."

"वा! मग कुठलं प्रकरण आवडलं?"

तात्या, त्या पुस्तकाची पानं तुम्ही उघडूनसुद्धा बघितली नव्हती. तुम्ही म्हणालात, "सगळीच." साहेबांनी परत विचारलं, "एक तरी सांगा." तुमची मान खाली गेलेली मला पडद्याआडून दिसली आणि मला ते बघवलं नाही. भात शिजेपर्यंत खानावळीतल्या फळीवरचं पुस्तक काढून मी चोरून वाचत होते, निम्मंशिम्मं झालंही होतं. मी आतूनच ओरडले, "मांजराचं! कोठडीत मांजर येऊन बसतं ते!" साहेब एवढे हसले की बशीतला चहा सांडला. मला बाहेर बोलावलं. हाताला पीठ तसंच. त्यांनी पेन पानावर टेकवलं आणि विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही नाव सांगितलंत. तुमचं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तुम्ही सांगितलं ते लिहून खाली सही केली.

गाडी घाटाला लागल्यावर काय झालं तेही मी विसरलेले नाही. "चार लोकांत बापाला खोटं पाडलंस गो! परत बुकाला हात लावलास तर हात मोडीन." त्या दिवसापासून पेटीला कुलूप आणि चावी तुमच्या करदोट्याला. पुढच्या जूनमध्ये माझी शाळाही सुटली, खानावळीत हात कमी पडत होते म्हणून. मी तुम्हाला खोटं पाडलं नव्हतं, तात्या. मी तुम्हाला वाचवलं होतं. हे मी तेव्हा बोलले नाही, तुमच्या शेवटच्या आजारातही बोलले नाही, आज बोलते.

पूर ओसरला तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता. लोक कपाटं, गाद्या, धान्य सगळं रस्त्यावर काढून टाकत होते. चावी तुमच्यामागे तुमच्या धाकट्या लेकाकडे गेली होती, म्हणून मी आधी पेटी फोडली. पुस्तकं फुगून दुप्पट झाली होती. सह्यांच्या जागी निळसर डाग, जणू कुणी नीळ सांडली. पण तात्या, छापलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. वीज आल्यावर मी पंख्याखाली बसून एकेक पान सोडवलं, मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घातले, वरून कोमट इस्त्री फिरवली. पान सोडवायचं तर नजर पडणारच, आणि नजर पडली की मी कुठली थांबते! तुमच्या त्या साहेबांचं पुस्तकही पुरं केलं. मांजराच्या पुढे चार प्रकरणं टाकून त्यांनी मुलींच्या शाळेबद्दल लिहिलंय, मुलगी शाळेतून काढणाऱ्या बापांना चांगलं फैलावर घेतलंय. ते प्रकरण मला केस पांढरे झाल्यावर वाचायला मिळालं. मला एवढा राग आला की इस्त्री तशीच राहिली आणि पानाचा कोपरा करपला.

आता खरी भानगड सांगते. तुमच्या धाकट्याने तुमच्या नावाने वाचनालयाला काचेचं कपाट कबूल केलंय, आत तुमची पुस्तकं, कुलूपबंद. सह्या गेल्याचं कळलं तेव्हा डोंबिवलीहून थेट आला. वीर स्टेशनला उतरून रिक्षा करून, सोबत एक पाट्या रंगवणारा पेंटर घेऊन. धाकट्याच्या मोबाईलमध्ये सह्यांचे जुने फोटो आहेत.

"ताई, हा हुबेहूब काढून देतो. कोणाला कळणार हाय?"

"सही हा करणार, तर मग पुस्तकंपण यालाच लिहायला सांग," मी म्हटलं.

पेंटर बिचारा हसला. धाकटा चिडला. "सही नसंल तर व्हॅल्यू काय त्या पुस्तकांना? रद्दी ती! तात्यांची आयुष्यभराची इज्जत हाय ही."

मी पेटीवर बसले. या वयात, पाय पसरून, लहान पोरीसारखी. म्हटलं, तात्यांची इज्जत तात्यांनी बघून घेतली, ही पुस्तकं मी चिखलातून काढलीत. पेंटरला चहा दिला, धाकट्याला जेवायला वाढलं, पेटी दिली नाही. तो अजून फोन करत नाही. न करू दे.

पुस्तकं आता ओटीवर उघड्या फळीवर असतात. आळीतल्या बायका नेतात, कॉलेजातल्या पोरी नेतात. एकीने हळदीचं बोट लावून आणलं, एक पुस्तक दासगावला सासरी गेलंय ते अजून आलेलं नाही. तुमचा जीव वर-खाली होत असेल तर होऊ द्या. तुम्ही म्हणायचात, खुर्ची जाते, अक्षर ऱ्हातं. राहिलंच की. फक्त तुम्ही पहिल्या पानापाशी थांबलात, अक्षर त्याच्या पुढे होतं.

हे पत्र लिहून मी करणार काय? तुम्हाला पोचवणारा पोस्टमन नाही, आणि धाकट्याच्या हाती पडावं अशी इच्छा नाही. राहील उशीखाली. एक मात्र सांगते. त्यातली निम्मी पुस्तकं महाकंटाळवाणी आहेत. तुम्ही वाचली नाहीत त्यात तुमचं फारसं गेलं नाही. पण मध्येच एखादं पान असं येतं की ते एकटीने गिळवत नाही. मग दुपारी घरात कुणी नसताना मी ते मोठ्याने वाचते. तुमच्यासाठी वाचते असं समजू नका.

समजलात तरी चालेल.