हाइत्सर राजसचे आईवडील

हासेलग्रुंड, ९ नोव्हेंबर २०२४

प्रिय सौ. मनोरमा हीस,
स. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. वाल्डॉर्फला मुक्ताने मला ज्या घाईने निरोप दिला, त्यावरून तू हे ऐकायला फारशी आतुर नसशील, तरी कळवतो. आपला जावई सहा वर्षं जर्मनीत सॉफ्टवेअर लिहितो आणि अजून दिसेल त्या नामाला ‘दी’ हे स्त्रीलिंगी आर्टिकल लावतो. मी त्याला चार वेळा जेवताना सुधारलं, त्यात काय बिघडलं? गरोदर बाईचं ब्लडप्रेशर वाढायला हजार कारणं असतात. डॉक्टरीणबाईंनी ‘शांतता हवी’ एवढंच सांगितलं. त्याचा अर्थ ‘बाबांना डोंगरात राजसकडे पाठवा’ असा तुम्ही तिघांनी लावलात.

फोन का नाही, असं विचारशील. या दरीत मोबाइलला रेंज नाही. घरात इंटरनेट यायचंय, पण टेक्निकरचा टर्मिन, म्हणजे यायची ठरलेली वेळ, फेब्रुवारीतला आहे. तेव्हा पत्रच. लग्न ठरल्यावर मी तुला लिहायचो तशीच समज. फक्त आता अक्षर वाईट आहे.

आता बसून घे. येनाला गाडी बदलून मी डोंगराच्या पायथ्याच्या स्टेशनावर उतरलो. समोर खेळण्यातल्यासारखी अरुंद रुळांची, वाफेच्या इंजिनाची गाडी उभी. इंजिनातून एक काळाकुट्ट माणूस उतरला आणि थेट माझ्या पाया पडला. जर्मनीत पाया पडतात हे मी पस्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला शिकवलेलं नाही. मी त्याला शुद्ध जर्मनमध्ये म्हटलं, की महोदय, आपला काहीतरी गैरसमज होत आहे, कृपया उठावं. तेव्हा तो मराठीत हसला. तो राजस होता.

मनोरमा, आपल्या मुलाने बॉबलिंगेनची मोटारकंपनीतली नोकरी सोडून वर्ष होऊन गेलं. तो या गाडीवर हाइत्सर आहे. म्हणजे इंजिनाच्या पोटात फावड्याने कोळसा घालतो. मी वर येईपर्यंत त्याच्याशी बोललो नाही. तसंही त्या आवाजात बोलता आलं नसतं.

तुला धक्का बसला असेल. सांभाळून घे. मुक्ताला इतक्यात सांगू नकोस.

या थंडीत लोभ गोठू देऊ नये, ही विनंती.

तुझा
शरदचंद्र


वाल्डॉर्फ, १६ नोव्हेंबर २०२४

अहो,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मुक्ताचं ब्लडप्रेशर उतरलंय. कपिल हल्ली भांडी घासताना गाणी म्हणतो. तुमच्या जाण्याशी याचा संबंध आहे असं मी म्हणत नाही.

थंडी फार आहे का तिकडे? कानटोपी घाला. बॅगेच्या तळाशी मेतकूट आणि लिंबाचं लोणचं ठेवलंय, ते दोघांनी मिळून खा. वेगवेगळ्या खोल्यांत बसून नको. राजस मनगटाला ते पिवळं मलम लावतो का बघा, भाजलेल्यावर दोनदा लावायचं असतं. आणि काळा स्वेटर घालतो का? मुद्दाम काळा विणला, मळखाऊ.

मुक्ताला मी काही सांगितलेलं नाही. ती इथे शेजारी बसून हसते आहे, ते वेगळ्याच कशावर तरी.

तो काय म्हणतो ते एकदा नीट ऐकून घ्या. तुम्ही वर्गात मुलांना पूर्ण वाक्य बोलू द्यायचात, घरात तेवढं द्या.

राग विरघळावा आणि लोभ तसाच राहावा.

आपली
मनोरमा


हासेलग्रुंड, २५ नोव्हेंबर २०२४

प्रिय सौ. मनोरमा हीस,
स. न. वि. वि.

मुलगा कोळसा भरतो असं मी कळवलं, आणि तू विचारतेस की मनगटाला मलम लावतो का. मनगट भाजल्याचं मी लिहिलं नव्हतं. स्वेटर तर तू गणपतीतच विणत होतीस. म्हणजे तुला ठाऊक होतं, मुक्ताला ठाऊक होतं, आणि बहुधा कपिललाही, कारण निघताना त्याने माझ्या बॅगेत न सांगता हात पुसायच्या फडक्यांचा गठ्ठा घातला होता. आपल्या घरात फक्त मीच बाहेरचा. प्रभात रोडवर भेटेल त्याला मी अजून परवापर्यंत बॉबलिंगेनचं कौतुक सांगत होतो.

असो. तू म्हणालीस म्हणून त्याला पूर्ण वाक्य बोलू दिलं. तो म्हणाला की त्या कंपनीत चार वर्षं तो मोटारीतल्या हातमोज्यांच्या कप्प्याच्या, म्हणजे ग्लोव्हबॉक्सच्या, झाकणावर काम करत होता. झाकण बंद होताना ‘ठप्प’ असा भारदस्त आवाज यावा, एवढंच काम. आवाज छान आला. त्यानंतर त्याला पुढच्या मॉडेलचं झाकण दिलं. एका सुट्टीत तो इकडे आला, गाडीत बसला आणि उतरलाच नाही म्हण. मी म्हटलं, झाकणाला पेन्शन असते. तो म्हणाला, बाबा, इथे मी आग नीट ठेवली नाही तर गाडी चढावर थांबते, आणि वरच्या वाडीला पाव मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी मला त्याबद्दल विचारते. झाकणाबद्दल मला कधीच कोणी विचारलं नाही.

मला हे पटलं असं समजू नकोस. मग आम्ही मेतकूट-भात खाल्ला. एकाच खोलीत.

त्याचं म्हणणं खोटं नाही, हे मात्र खरं. या गाडीवर सारं गाव चालतं. फ्राऊ झाइडेल म्हणून बाई आहेत, त्यांच्या बेकरीतला पाव सकाळच्या गाडीने वर जातो. वरच्या वाडीतली पोरं त्याच गाडीने शाळेला खाली येतात. रविवारी पर्यटक येतात तेव्हा गास्टहाउसची चूल पेटते. आता लांडराट्सआम्टने, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीने, ठरवलंय, की वाफेची गाडी फक्त रविवारी पर्यटकांसाठी ठेवावी आणि इतर दिवशी मिनीबस द्यावी. तसं झालं तर राजसला आठवड्यातून एक दिवस काम उरेल. गाडी चालवणाऱ्या फेराइनची, म्हणजे संस्थेची, मंडळी हवालदिल आहेत. १२ डिसेंबरला त्या ऑफिसच्या बाई गावाचं म्हणणं ऐकायला येणार आहेत.

गंमत अशी, की गावाचं म्हणणं मला एक अक्षर कळत नाही. हे लोक जे बोलतात त्याला ते जर्मन म्हणतात. इंजिन चालवणारे हेर क्रेचमार तर तोंडात गरम बटाटा धरल्यासारखे बोलतात. त्यांना मात्र माझं जर्मन फार आवडतं. मी बेकरीत पाव मागितला की बाई शेजारणीला आतून बोलावतात आणि मला पुन्हा मागायला लावतात. मला इथे ‘हेर प्रोफेसर’ म्हणतात. सभेत गावातर्फे मी बोलावं असं ठरलं आहे. मी होकार दिला. राजस नुसता खोकला.

मला अंधारात ठेवल्याबद्दल राग आहे. तरी लोभ उणा झालेला नाही.

तुझा
शरदचंद्र


वाल्डॉर्फ, ३ डिसेंबर २०२४

अहो,
सा. न. वि. वि.

हो, ठाऊक होतं. त्याने मलाच आधी सांगितलं, आणि तुम्हाला तो समोर असताना कळावं, फोनवर नको, असं मीच म्हटलं. फोनवर तुम्ही ऐकत नाही, फक्त बोलता. मुक्ताच्या ब्लडप्रेशरचं निमित्त बरं सापडलं. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, मी लांब आहे.

सभेत बोलणार हे वाचून मुक्ता उठून बसली. तिचं म्हणणं, बाबांना पाच मिनिटांत आवरायला सांग. माझंही तेच. आपल्या पुतण्या प्रसन्नच्या मुंजीत तुम्ही दोन शब्द बोलायला उठलात आणि वरण गार झालं, हे अजून लोक विसरलेले नाहीत. गाडीबद्दल बोला, व्याकरणाबद्दल नको. त्या बाईंच्या चुका काढू नका. राजसच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

कपिल तुमची आठवण काढतो. काल फोनवर बोलताना त्याने ‘दी’ऐवजी चुकून बरोबर ‘देअर’ लावलं आणि घाबरून इकडेतिकडे पाहिलं.

मुक्ताचे पाय सुजलेत, बाकी ठीक. नववा लागेल आता. मला झोप येत नाही, पण ते तिला सांगत नाही, तुम्हाला सांगते.

दूर असलात तरी लोभ जवळ असू द्या.

आपली
मनोरमा


हासेलग्रुंड, १५ डिसेंबर २०२४

प्रिय सौ. मनोरमा हीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र सभेच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. टपालखात्याचा दोष.

सभा दुपारी फॉयरवेअरच्या हॉलमध्ये, अग्निशमनाचा बंब बाहेर काढून भरवली होती. त्या बाई चाळिशीच्या, नीटनेटक्या, स्वतःची मोटार चालवत आल्या होत्या. गावकऱ्यांपैकी दोघेतिघे दोन-दोन वाक्यं बोलून खाली बसले. इथल्या माणसांना बोलण्याची हौस नाही. मग मी उठलो.

मी पर्वतातल्या रेल्वेपासून सुरुवात केली. तिथून प्रवास या विषयावर आलो, आणि प्रवासावरून ‘कडे’ आणि ‘मध्ये’ यांना जर्मनमध्ये कुठली विभक्ती लागते यावर आलो, कारण गाडी गावाकडे जाते की गावामध्ये असते, यावर सगळा प्रश्न आहे, असा माझा मुद्दा होता. मुद्दा चांगला होता. हेर क्रेचमार डोळे मिटून ऐकत होते. बाई सुसंस्कृत, मध्ये उठल्या नाहीत. घड्याळ बघायच्या, पण पदराखालून बघावं तसं. त्यांच्या नोटिशीत षष्ठीच्या जागी चतुर्थी वापरली होती, तेही मी सौम्यपणे दाखवून दिलं. तुझं पत्र वेळेवर आलं असतं तर कदाचित दाखवलं नसतं. कदाचित.

मी खाली बसलो तेव्हा खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं. माझ्या भाषणात बर्फ सुरू झालं होतं आणि खालच्या वळणावर झाड पडून रस्ता बंद झाला होता. बाईंची मोटार गेली तशी परत आली. त्यांची मुलगी खाली शहरात पाळणाघरात होती, आणि तिला पाच वाजता घ्यायचं होतं. बाईंचा चेहरा असा झाला की माझ्या विद्वत्तेची सगळी हवा निघून गेली. मुक्ता आठवली.

राजस आणि हेर क्रेचमार बाहेर गेले. पुढच्या नांगराने बर्फ सारत इंजिन आलं. बाईंच्या बरोबर मीही चढलो. त्यांना अडकवलं मी होतं, तेव्हा एकटं जाऊ देणं बरं दिसलं नसतं. डबा भरलेला होता. खालच्या इस्पितळात रात्रपाळीला निघालेली नर्स होती, नाताळची झाडं बांधून नेणारा म्हातारा होता, एक ओलं कुत्रं होतं. खाली उतरतानाही मध्ये एक चढ लागतो, तिथे गाडीची चाकं जागच्या जागी फिरू लागली. नर्सने पुस्तक मिटलं. मी खिडकीतून डोकं काढलं. पुढे वळणावर इंजिनाचं दार दिसत होतं, आत लाल उजेड, आणि आपला मुलगा पाठ वाकवून फावडं मारत होता. घाई नाही, थांबणं नाही. गाडी हलली. नर्सने पुन्हा पुस्तक उघडलं. तिला काही विशेष वाटलं नाही, हेच मला विशेष वाटलं.

बाई वेळेत पोचल्या. मुलीला कडेवर घेऊन त्या मुद्दाम फलाटावर परत आल्या, इंजिनापाशी गेल्या, आणि त्या दोघांच्या काळ्या हातांशी हात मिळवले. दुसऱ्याच दिवशी कळलं, की पुढची तीन वर्षं रोजची गाडी चालू राहील, मग पुन्हा विचार करतील. बाईंनी लिहिलंय, त्या दिवशी कुठलीही मिनीबस खाली गेली नसती.

गावात लोक मला थांबवून हात मिळवतात. हेर क्रेचमार तर खूप वेळ काही बोलले, डोळ्यांत पाणी होतं. मी समजलो, माझ्या विभक्तीच्या मुद्द्यावर बोलताहेत. घरी राजसने भाषांतर केलं. ते म्हणाले होते, की बर्फ पडेपर्यंत कोणाला इतका वेळ बोलून बसवून ठेवणं या गावातल्या कोणाला जमलं नसतं.

मला दोन दिवस लागले हे पचवायला. आता ठीक आहे.

तू रात्री जागी असतेस, हे मला सांगितलंस ते बरं केलंस. मीही असतो.

लोभ वाढवावा, वाढायला जागा आहे.

तुझा
शरदचंद्र


वाल्डॉर्फ, २८ डिसेंबर २०२४

अहो,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. डॉक्टरीणबाई म्हणतात कुठल्याही दिवशी. इस्पितळाची बॅग दारात आहे, कपिल दोनदा तिला अडखळून पडला. तुम्हाला लगेच कसं कळवायचं हा प्रश्न आहे. पायथ्याच्या स्टेशनात फोन आहे म्हणे. राजसने कपिलला नंबर देऊन ठेवलाय. पुढचं त्यांचं ते बघतील.

तुमचं पत्र मुक्ताला वाचून दाखवलं. विभक्तीपाशी ती इतकी हसली की मी वाचन थांबवलं. पुढचं, राजस वाकून कोळसा घालतो ते, मी रात्री एकटीने वाचलं.

काळजी नको. लोभ मात्र भरपूर हवा, या दिवसांत जास्तच.

आपली
मनोरमा


हासेलग्रुंड, ६ जानेवारी २०२५

प्रिय सौ. मनोरमा हीस, आणि आता आजीस,
स. न. वि. वि.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतीस. मला कसं कळलं ते सांगतो.

मी गावाच्या स्टेशनात शेगडीपाशी बसून फ्राऊ झाइडेल यांच्या भाचीला क्रियापदं शिकवत होतो. एवढ्यात दरीतून शिट्टी ऐकू आली. गाडी वळणावर एकदा शिट्टी देते, तसा नियम आहे. ही थांबेचना. एक वळण, दुसरं वळण, सबंध डोंगर चढेपर्यंत ते इंजिन किंचाळत होतं. मी कोट चढवून फलाटावर गेलो, नियमाची आठवण करून द्यायला. बघतो तर सगळं गाव तिथेच उभं, बेकरी उघडी टाकून बेकरीवालीसुद्धा.

गाडी आली. हेर क्रेचमारनी खिडकीतून काहीतरी ओरडून सांगितलं. फलाटावर एकच कल्लोळ झाला. टोप्या उडाल्या, फ्राऊ झाइडेल यांनी माझे दोन्ही गाल धरले, कोणीतरी माझ्या हातात गरम पावाचं टोपलं दिलं. सगळ्या गावाला कळलं होतं. पस्तीस वर्षं जर्मन शिकवलेल्या एकट्या मला सोडून.

मग राजस खाली उतरला आणि मराठीत म्हणाला, बाबा, मुलगी झाली.

मी त्याला मिठी मारली. माझ्या अंगात लग्नातला करड्या रंगाचा कोट होता, आता तो काळा आहे. मुक्ताला सांग, शिट्टी तिच्या भावाने धरली होती, आणि हेर क्रेचमारनी त्याबद्दल त्याला रीतसर रागावून घेतलं, मग स्वतः धरली.

मुक्ताला बरं वाटलं की तुम्ही सगळे इकडे या. कपिलला मी काही सुधारणार नाही, बाप झालाय तो. पायथ्याच्या स्टेशनावर तिकीट देताना कोणाकडे जाणार असं विचारतात. माझं नाव सांगू नकोस, इथे कोणाला ते उच्चारता येत नाही. प्रोफेसर म्हटलंस तर लोक हसतील. हाइत्सर राजसची आई, असं सांग. आपल्याला इथे त्याच नावाने ओळखतात.

वाट पाहतो. लोभ घेऊन ये, येताना.

तुझा
शरदचंद्र