दोन नंबरचा संच

प्रिय बाबा,

नोकरी मिळाली, एवढंच फोनवर सांगितलं. पुढचं इथे लिहिते.

मुलाखतीत मॅडमनी एका जुन्या वीजकेंद्राचे आकडे पुढे ठेवले. चालू ठेवायचं की बंद करायचं, ते सांगा म्हणाल्या. नाव झाकलं होतं. पण दोन नंबरचा संच दर पावसाळ्यात कोळसा भिजून बंद पडतो, हे वाचलं आणि केंद्र ओळखलं. तेवढेच दिवस तर तुम्ही घरी असता.

मी म्हटलं, "बंद करा."

"जराही अडखळला नाहीत," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

आई सांगत होती, तुम्ही अख्ख्या शिफ्टला चहा पाजलात. म्हणालात, "पोरगी आपल्याच कंपनीत आली, आता काळजी नाही."

तुमचीच,
चिमी