आर्ट्सच्या कॉलेजात सायन्स

बाबा, मी फिजिक्ससाठी निवडलेल्या कॉलेजात इतिहासही शिकावा लागतो, हे कळल्यापासून काका माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलतात. "सायन्स शिकाले आर्ट्सच्या कॉलेजात? मच्छी घ्याले सोनाराकडे जाऊन राह्यली पोरगी," हे ऊर्जानगरच्या अर्ध्या क्वार्टरांत सांगून झालंय. काकांनी विज्ञानाचं पुस्तक दहावीत मिटलं ते मिटलंच. मत इतकं ठाम असायला तेवढं पुरतं.

माझ्या दम्यामुळे तुम्ही मला चौथीपर्यंत घरीच शिकवलंत. वीज प्लांटच्या पाण्याच्या लॅबमधून तुम्ही येता, ओट्यावर दोन बाटल्या ठेवता, एक नळाची, एक विहिरीची. फेस यायला साबणाच्या पाण्याचे किती थेंब लागले ते मी मोजते. चुकते, रबर उचलते. तुम्ही ते काढून घेता. "खोडू नको बेटा. आडवी रेघ मार. चुकलेला आकडा वाचता आला पायजे." मी सहावीत असताना तुम्ही गेलात.

चंद्रपूरच्या अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये प्रॅक्टिकल म्हणजे मागच्या बॅचच्या वह्या. सर ढीग टेबलावर टाकायचे. "उतरवा पटापट. लोलक काऊन हलवत बसता? उत्तर मालूम हाय ना?" दोन वर्षं लोलक कपाटात आणि सरांचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर. अशा माणसाला आईबाप वाकून नमस्कार करतात.

कॉलेज बघायला गेले तेव्हा तिथली एक मुलगी आठवडाभर तोच लोलक मोजत होती. "अजून जमलं नाही," म्हणाली, शांतपणे. तिथेच माझं ठरलं. बाकी तिथलेही थोरच. चंद्रपूर ऐकून एकाने विचारलं, तुमच्या घरात वाघ येतो का, आणि उत्तर ऐकायला थांबला नाही.

मुलाखतीत बाईंनी विचारलं, बारावीचे प्रयोग स्वतः केलेस? मी हो म्हणाले. जागा मिळाली. प्रवेश उद्या दुपारपर्यंत पक्का करायचा आहे. खरं कळवलं तर कदाचित जाईल, आणि मग काकांच्याच पसंतीचं कॉलेज.

क्लासमधल्या त्या वह्यांतून इतरांनी आकडे जसेच्या तसे उतरवले. मी प्रत्येक आकडा थोडा इकडेतिकडे केला, मोजल्यासारखा दिसावा म्हणून. एकदोन ठिकाणी आडवी रेघही मारली. परीक्षकांनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली.

खरं तर मी बाईंना ईमेल लिहायला बसले होते, पण लिहीत गेले तुम्हाला.