थर क्रमांक सात

जळगाव
९ जानेवारी २०२५

प्रिय दिपे,

कशी आहेस? इकडे थंडीने नुसता कहर केलाय. तू मला फोनवर ब्लॉक केलंस म्हणून कागद घेतला. वाचल्याशिवाय फाडू नकोस, बाई.

परवा शिरपूरच्या स्टँडवर तुझी आई भेटली. माझा हात धरून तुझ्याविषयी म्हणाली, "मनी पोर खोटी नही. तू तर तिना संगे व्हती ना, माय?" मी गाडी लागली असं सांगून पळाले. गाडी लागलीच नव्हती.

जैसलमेर आठवतं? चुनखडीचा तो पिवळा उतार, साबुदाण्यासारख्या गोल दाण्यांचे थर. तू म्हणायचीस, "हेमे, इथे उथळ समुद्र होता. आपण त्याच्या तळावर बसून दशम्या खातोय!"

आपला नियम काय होता? दगड थरात असतानाच त्यावर नंबर टाकायचा, मगच छिन्नी लावायची. तो अमोनाइट, तो मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला, दगड झालेला शंख, मी थरातून काढलाच नव्हता. पायथ्याशी पडलेला उचलला आणि चिठ्ठीवर ठोकून दिलं, थर क्रमांक सात. वरून कुठून तरी घरंगळलेला असणार. ऊन मी म्हणत होतं, पुन्हा चढायचा कंटाळा आला.

त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून तू प्रबंध उभा केलास. पण शंखाचा काळ सातव्या थराशी जुळेना, आणि परीक्षकांनी तुला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. नमुना मागितला तेव्हा मी सांगितलं, हरवला. हरवला कसला, माझ्या कपाटात होता! थरातून फोडलेल्या दगडाची एक बाजू तरी ताजी असते. हा चहूबाजूंनी झिजलेला. बघताक्षणी कळलं असतं, चूक माझ्या चिठ्ठीची आहे, तुझी नाही.

आणि आता सोमवारी समिती तुझी पीएच.डी.ची नोंदणी रद्द करणार, बनावट पुरावा दिला म्हणून.

आज सकाळी मी तो दगड आपल्या विभागाच्या सरांच्या टेबलावर ठेवला, सोबत सहीनिशी जबाब. सर म्हणाले, "कंटाळा समजतो. पण वर्षभर गप्प का राहिलीस?" मी म्हटलं, भीती वाटली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

इथेच अडून मी चार कागद फाडलेत. दिपे, विभागात शिकवायची एकच जागा होती, आणि ती तुला मिळणार होती. मला ती हवी होती. सरांना हेच सांगितलं आणि गळ्यातलं विभागाचं ओळखपत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

सोमवारी अकराला समितीसमोर हेच बोलायचंय. तू आलीस तर तुझ्याकडे बघून बोलेन.

'तुझी मैत्रीण' असं लिहवत नाही.

हेमांगी