चुडीवालीला दिलेली लेक

माय, तू त्या दिवशी कोतवालाला दारातून परत पाठवलंस, त्याचे हेलपाटे मी यंदा घातले. अमरावतीहून अकोला, अकोल्याहून आपलं गाव, पुन्हा अमरावती. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर हसतील, म्हणून तुला लिहितो. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, आता लिहायची सवयही सुटली. पण तुला वाचता येत नव्हतंच, तेव्हा अक्षराची लाज धरत नाही.

तुझ्या नातीनं चाळिशी ओलांडल्यावर लग्न केलं. राजापेठेत पोरांना गणित शिकवण्यात तिची वर्षं गेली, आणि मी धरूनच चाललो होतो की आता आम्ही दोघं बापलेक असेच राहणार. मग हा माणूस आला. मूळचा अकोल्याचा, कितीतरी वर्षं अमेरिकेत, पहिली बायको वारलेली. कोर्टात सह्या झाल्या आणि तो महिनाभरात परत गेला, हिला तिकडं बोलावण्याचे कागद करतो म्हणून. मला तो वाईट वाटला नाही, आणि तेच मला खटकलं. पहिल्यांदा घरी जेवला तेव्हा वांग्याची भाजी खारट झाली होती. मी ताटात तशीच ठेवली. त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतली. असा माणूस काहीतरी लपवत असतो, असं मी लेकीला त्याच रात्री सांगितलं. ती भांडी आवरत राहिली.

मग जावयाचे फोन सुरू झाले. "मामाजी, सारं झालं. तिचा जन्माचा दाखला तेवढा पाठवा." इतकं साधं. मला वाटलं, याला ठाऊक असावं की दाखला नाही, म्हणूनच मागतो. दाखला मिळायचा नाही, कागद अडतील, आणि हा तिकडून म्हणेल, मी तर खूप केलं. लेकीच्या क्लासच्या जिन्याखाली एक माणूस बसतो, तो असले कागद 'करून' देतो. त्यानं मला खुर्ची दिली आणि विचारलं, "काका, जन्म कोठचा टाकू? अकोला का अमरावती?" रसवंतीवाला लिंबू टाकू का आलं टाकू विचारतो, तसं. मी उठून आलो. घरी सांगितलं तर लेक भडकली. "बाबा, खोटा दाखला लावला अन् त्यायनं पकडला, तर मले जन्मात तिकडं पाय ठेवता येनार नाई. तुमी त्याच्याकडं गेलेच काहून?" मी म्हटलं, फक्त भाव पाहायला गेलो होतो.

आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत जी बाई बसते तिनं जुन्या नोंदी पाहिल्या. शहरातली दिसत होती, पण बोलायला मऊ. म्हणाली, "काका, तुमच्या दोन मुलांच्या नोंदी आहेत. जन्माच्या आहेत आणि मृत्यूच्याही आहेत. मुलीचीच नाही." नोंद सापडत नाही एवढंच तिनं लिहून शिक्का मारून दिलं. मी त्या कागदाचा शिक्का उन्हात धरून पाहिला, खरा आहे का म्हणून. बाहेर आलो तर आपल्या जुन्या घराच्या जागी कोणाचं तरी सिमेंटचं घर उभं आहे, आणि मला तो दिवस समोर दिसायला लागतो.

मी ढोरांच्या गव्हाणीपाशी उभा आहे. आत बायको निजलेली. आदल्या दिवशी पोरगी झाली आहे, आणि दोन पोरं मातीत घातल्यावर मला हसावं का रडावं कळत नाही. चुडीवाली खाला डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गल्लीत येते. तू सुपात तांबडं लुगडं अंथरून त्यात पोर ठेवतेस आणि सूप तिच्या पायाशी नेतेस. "घे माय, तुले देल्ली." ती पदराची गाठ सोडते. गावात बांगड्या भरून तिला ज्वारी मिळालेली असते, त्यातली मूठभर ती तुझ्या ओंजळीत घालते. सौदा होतो. पोर परक्याची झाली म्हणजे वाईट नजर तिच्याकडं वळत नाही, ही तुमची जुनी युक्ती. मग तूच म्हणतेस, "आता आमाले सांभाळाले दे." त्यानंतर चारेक दिवसांनी कोतवाल येतो, नोंद घ्यायला. तू उंबऱ्यात आडवी. "आमच्या घरी काई झालं नाई. लेकरू चुडीवालीचं हाय, तिले इचार." तो हसत गेला. मी म्हणालो, नाव लिहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं, तेव्हा तू माझ्यावर ओरडलीस, "दोघायचं नाव लिहून यमाले पत्ता देल्ला. आता तिसरीचा देऊ काय रे, मुडद्या?" पोरगी जगली. शाळेत मास्तरनं वर्गातल्या निम्म्या पोरांसारखी तिचीही तारीख जूनची पहिली लिहिली, आणि आम्ही विसरून गेलो.

जावयाच्या तिकडच्या वकिलानं कळवलं की नोंद नसल्याचा कागद आणि शाळेचा दाखला चालेल, पण त्याच्या जोडीला जन्माची माहिती असलेल्या, तिच्याहून वयानं मोठ्या दोन माणसांनी शपथेवर लिहून द्यावं. एक मी. दुसरं कोण? बायको नाही, तू नाहीस, सुईण तर तुझ्याही आधी गेली. राहिली ती एक चुडीवाली. अकोल्यात नातवाच्या घरी असते असं कळलं, म्हणून गेलो. तिच्या सुनेनं दार उघडलं, मला बसवलं आणि आत जाऊन कुजबुजली. चहाबरोबर काजूची बिस्किटं आली. मी मनात म्हटलं, झालं, यांना वास लागला, दारातच अमेरिकेचं नाव घेतलं मी, आता काहीतरी मागतील. खाला पलंगावर बसलेली, डोळ्यांनी अधू, पण कान शाबूत. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागदावर कोनाची पोट्टी म्हनून लिहू?"

"माझी."

"तुही कशी? म्या इकत घेतली. तुह्या मायनं माह्याजवळून ज्वारी घेतली का नाई?"

"घेतली."

"मंग सोडवून नेली काय कधी?"

मी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. सून म्हणाली, "अम्मी, नुसता कागद तो है." म्हातारी तिच्यावर उखडली. "कागद हाय म्हनूनच त! वकिलापुढं अल्लाची कसम खायाची अन् पराई पोट्टी म्हनायची? कबर बुला रही मुझे, अन् आता झूठ बोलू?"

रीत मला ठाऊक होती, माय. लग्नाआधी लुगडं आणि धान्य देऊन लेकीला सोडवून आणायचं असतं. पण लग्न कोर्टात झालं, तू नव्हतीस, आठवण करून देणारं कोणी नव्हतं. बसमध्ये बडनेऱ्यापर्यंत मी एकच विचार करत आलो, ही रीत म्हणते पण हिच्या पोटात दुसरंच काही असणार. घराचा हिस्सा मागेल. जावयाचा नंबर मागेल. लेकीला सांगितलं तर ती हसत सुटली, इतकी की डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, "चला बाबा, मले सोडवून आना."

रविवारी आम्ही गेलो. लुगडं लेकीनंच निवडलं, ज्वारी मी गांधी चौकातून घेतली. खालानं लुगड्याकडं पाहिलंही नाही. तिनं लेकीचा हात मागितला, आणि बांगडी भरणारीच दाबते तशी अंगठ्याखालची हाडं दाबून पाहिली. "हात बापावर गेला. कडक हाय." सुनेला पेटी आणायला लावली आणि न चाचपडता मापाच्या हिरव्या बांगड्या काढल्या. भरता भरता विचारते, "खुशीनं जाते का बाप धाडते?"

"खुशीनं, खाला."

"मानूस कसा हाय?"

"म्या रांधलेली खारट भाजी दुसऱ्यांदा मागून खाल्ली त्यानं. बाबायनं ताटात ठेवून देल्ली होती."

म्हातारी खुदकन हसली. त्या दिवसापर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की भाजी लेकीनं केली होती. मी भिंतीकडं पाहत बसलो.

मग तिनं मला समोर बोलावलं. "दुपट्टा पसर. बोल, माही पोट्टी मले वापस दे." मी पसरला आणि बोललो. तिनं माझी ज्वारी घेतली, त्यातली मूठभर दुपट्ट्यात टाकली आणि म्हणाली, "देल्ली." ऑटोत बसून कचेरीत गेलो. तिथल्या वकिलानं लिहिलं होतं की खाला जन्माच्या वेळी हजर होती. तिनं ऐकलं आणि अंगठा आखडून घेतला. "हाजिर नव्हती. दुसऱ्या दिवशी पाह्यलं म्या. तसं लिहा." वकिलानं कुरकुरत पान पुन्हा छापलं. काही मागितलं नाही तिनं, शेवटपर्यंत. मी वाट पाहत राहिलो.

मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला लेक एकटी आत गेली, मी रस्त्यापलीकडं झाडाखाली. लगेच बाहेर आली, तेव्हा मला वाटलं, परत पाठवलं. म्हणाली, दोन-चार गोष्टी विचारल्या, शपथेचे कागद चाळले, झालं. इतकं सोपं कसं, मी परतीच्या गाडीत विचारत राहिलो. ती खिडकीला डोकं टेकून झोपली. पण पासपोर्ट आला, त्यात शिक्का होता. आता दिवाणखान्यात बॅगा उघड्या पडल्या आहेत. आत्ता तिनं विचारलं, "बाबा, कोनाले लिहून राहिले?" मी म्हटलं, वीज मंडळाला, बिल जास्त आलं. हे कुठं पाठवायचं आहे? गादीखाली ठेवीन.

एवढंच सांगायचं राहिलं. खालानं 'देल्ली' म्हणायला वेळ लावला होता. लेकीचं मनगट तिच्या हातातच होतं. लेकीला वाटलं, म्हातारीला दम लागला. मला वाटलं, ही आता नाही म्हणते. आणि माय, दुपट्टा पसरून उभा होतो तरी मला तेव्हा वाटत होतं, तिनं नाही म्हणावं.